तिफण, बासरी आणि जेथ्रो टल

ओळीने पेरणी करणारे यंत्र इ. स. १७०१ च्या सुमारास एका इंग्रज वकिलाने शोधून काढले, असे खानदेशातील एखाद्या जुन्या शेतकऱ्याला सांगितले, तर तो आधी आपल्या तोंडाकडे पाहील आणि मग गोठ्याच्या आढ्याला टांगलेल्या तिफणीकडे बोट दाखवील. लाकडी दिंडात बसविलेले तीन फण, त्यांतून वर निघालेल्या वेळूच्या नळ्या, त्या नळ्या जेथे एकत्र येतात ते चाडे, पुढे बैलजोडी आणि मागून चाड्यावर मूठ धरून चालणारी घरची लक्ष्मी! तापी-गिरणेच्या खोऱ्यात ज्वारी-बाजरीची पेरणी पिढ्यान्पिढ्या अशीच होत आली. ‘मग आमचे पणजे काय बी वाऱ्यावर उधळीत होते?’ असा प्रश्न त्या शेतकऱ्याने केला, तर त्याला सरळ उत्तर देता येणार नाही. अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात दक्षिण हिंदुस्थानात असलेल्या कॅप्टन टॉमस हॅलकॉट याचीही अशीच फजिती झाली होती. पेरणीचे यंत्र ही युरोपची अर्वाचीन कल्पना, या समजुतीत तो होता. येथे आल्यावर पाहतो तो साधा कुणबी ते रोज वापरीत आहे. हॅलकॉटचा हा वृत्तान्त धरमपाल यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात पुन्हा उजेडात आणला.

परंतु त्या इंग्रज वकिलावरही अन्याय करावयास नको. त्याचे नाव जेथ्रो टल. जन्म १६७४ चा, मृत्यू १७४१ चा. इंग्लंडात त्या काळी बी हाताने फोकून पेरीत. निम्मे पाखरांच्या पोटी जाई आणि उरलेले दाटीवाटीने उगवे. टलने ओळीत, ठरावीक अंतरावर व खोलीवर बी सोडणारे यंत्र तयार केले आणि ओळींमधून घोड्याच्या साहाय्याने कोळपणी करावी, असा आग्रह धरला. त्यावर त्याने ग्रंथही लिहिला. या गृहस्थाची एक गोष्ट मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. तो ऑर्गन वाजवीत असे आणि बी सोडण्याच्या यंत्रातील खाच, जीभ व स्प्रिंग यांची कल्पना आपल्याला ऑर्गनच्या रचनेवरून सुचली, असे त्याने स्वतःच नमूद करून ठेवले आहे. म्हणजे विलायतेतील तिफण एका वाद्यातून जन्माला आली!

पुढे अडीचशे वर्षांनी हे ऋण विचित्र रीतीने फिटले. आज जगभर ‘जेथ्रो टल’ हे नाव बहुतेकांना ठाऊक आहे ते कृषिसंशोधकाचे म्हणून नव्हे, तर एका ब्रिटिश संगीतमंडळीचे म्हणून. जळगाव-धुळ्याच्या वाचकाला या परक्या मंडळीशी काय देणेघेणे, असा प्रश्न कोणी विचारील. तो रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठीच हा लेखप्रपंच.

नावाची गंमत

आपल्याकडे ‘बँड’ म्हटले की वरातीपुढचे पितळी कर्णे आणि लाल डगले डोळ्यांपुढे येतात. येथे अभिप्रेत आहे तो चारपाच तरुणांनी मिळून केलेला, स्वतःच गीते रचून स्वतःच गाणारा-वाजविणारा मेळ. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील ब्लॅकपूल या गावी शाळासोबत्यांनी असा एक मेळ जमविला. त्यांचा म्होरक्या इयन अँडरसन. त्याचा जन्म १० ऑगस्ट १९४७ रोजी स्कॉटलंडमधील डनफर्मलिन येथे झाला. १९६७ च्या अखेरीस ही मंडळी लंडनजवळच्या लूटनला आली. पहिल्या दिवसांत त्यांना एका क्लबात दुसऱ्यांदा कोणी बोलावीत नसे. त्यामुळे दर वेळी नवे नाव घेऊन जाण्याची युक्ती करावी लागे. कार्यक्रम ठरविणाऱ्या कचेरीतील एका इतिहासप्रेमी इसमाने एका खेपेस ‘जेथ्रो टल’ हे नाव ठोकून दिले आणि नेमके त्याच नावाने लंडनच्या प्रसिद्ध मार्की क्लबात त्यांचा जम बसला. १९६८ चे साल होते ते. नाव चिकटले ते कायमचे. हे नाव कोणा खऱ्या माणसाचे आहे, हे आपल्याला प्रारंभी माहीतही नव्हते, असे अँडरसनने पुढे मोकळेपणाने सांगितले आहे.

अँडरसन मुळात गिटार वाजवी. परंतु एरिक क्लॅप्टनसारखे वादक ऐकल्यावर, या वाद्यात आपण पहिल्या पंक्तीत बसणार नाही, हे त्याने ओळखले आणि गिटार देऊन तिच्या बदल्यात बासरी घेतली. शिक्षक नाही, पुस्तक नाही. ऐकून, चाचपडून तो शिकला. बासरीत फुंकता फुंकता कंठातून सूर काढावयाचा ही अमेरिकन जाझवादक रोलंड कर्क याची रीत त्याने उचलली. त्यामुळे त्याच्या बासरीला एक खरखरीत, धापा टाकणारा आवाज लाभला. बोटे ठेवण्याची आपली पद्धत चुकीची होती, हे त्याला कळले ते त्याची मुलगी शाळेत बासरी शिकू लागली तेव्हा! वीसहून अधिक वर्षे जगभर वाजवून झाल्यावर हा मनुष्य पुन्हा पहिल्या इयत्तेत बसला आणि बोटे नव्याने वळवू लागला. एका पायावर उभे राहून बासरी वाजविण्याची त्याची लकब पाहिली की, आपल्या वाचकाला मुरलीधराची आठवण झाल्यावाचून राहणार नाही.

‘प्रागतिक’ म्हणजे काय?

या मंडळींच्या संगीताला ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’, म्हणजे प्रागतिक रॉक, असे म्हणतात. किंग क्रिमसन, येस, जेनेसिस, पिंक फ्लॉइड ही त्याच सुमाराची इतर नावे. रॉक संगीताचे गाणे मूळचे तीन मिनिटांचे आणि नाचण्याजोग्या चार मात्रांचे. आपल्याकडेही जुन्या तव्याच्या एका बाजूवर साडेतीन मिनिटांत मोठमोठ्या गवयांना राग गुंडाळावा लागे, हे जाणत्यांना आठवत असेल. पुढे दीर्घमुद्रण ध्वनिमुद्रिका आली, एका बाजूस वीस मिनिटे मिळू लागली. या तरुणांनी त्या मोकळ्या जागेचा उपयोग करून घेतला. विलायती शास्त्रीय संगीत, जाझ, लोकगीत यांतून हवे ते घेऊन दीर्घ रचना बांधावयाची, ताल मध्येच बदलावयाचा आणि श्रोत्याने बसून ऐकावे अशी अपेक्षा ठेवावयाची. आपल्याकडे ख्याल ऐकणाऱ्याला ही अपेक्षा नवी नाही. तिकडे नाचघरातील तरुणाला ती सर्वस्वी नवी होती.

जेथ्रो टलचा प्रवास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १९६९ च्या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेत त्यांनी बाखची ल्यूट या तंतुवाद्यासाठी लिहिलेली एक रचना बासरीवर, जाझच्या ठेक्यात वाजविली. ही ध्वनिमुद्रिका ब्रिटनमध्ये खपात पहिली आली. त्याच वर्षीचे त्यांचे एक गाजलेले गीत पाच मात्रांचे होते. झपतालाचा अर्धा भाग डोळ्यांपुढे आणावा म्हणजे त्याची चाल ध्यानात येईल. रॉकच्या बाजारात पाच मात्रांचे गीत लोकप्रिय होणे, ही साधी गोष्ट नव्हे. १९७१ साली ‘ॲक्वालंग’ आले. थेम्सच्या काठी झोपणाऱ्या बेघर माणसांची छायाचित्रे अँडरसनच्या तत्कालीन पत्नीने काढली होती, त्यांतून शीर्षकगीत जन्मले. त्याच ध्वनिमुद्रिकेच्या दुसऱ्या बाजूस देव आणि देवाच्या नावाने चालणाऱ्या संस्था यांतील अंतरावर कडक टीका आहे.

समीक्षकांनी ‘ॲक्वालंग’ला एका सूत्रात ओवलेली महान कृती ठरविले. अँडरसनला ते मान्य नव्हते. त्याने १९७२ मध्ये या सूत्रबाजीची थट्टा करण्यासाठी ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ काढली. दोन्ही बाजू मिळून एकच गाणे, सुमारे त्रेचाळीस मिनिटांचे! गीताचा कर्ता म्हणून आठ वर्षांच्या एका काल्पनिक शाळकरी पोराचे नाव दिले आणि ध्वनिमुद्रिकेचे वेष्टन म्हणून एका काल्पनिक गावाचे बारा पानी वर्तमानपत्र छापले. त्यात सत्कार आहेत, किरकोळ अपघात आहेत, शब्दकोडे आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी निघणारे वर्तमानपत्र रोज वाचणाऱ्यांनी ते हाती घेतले, तर आपल्याच गावच्या बातम्या वाचल्यासारखे त्यांना वाटेल. गंमत अशी की, थट्टा म्हणून केलेली ही कृती अमेरिकेत खपात पहिली आली आणि या संगीतप्रकारातील एक श्रेष्ठ रचना म्हणून आज मानली जाते. पुढच्या वर्षीची त्याच धाटणीची ‘अ पॅशन प्ले’ हीदेखील तेथे पहिली आली, परंतु समीक्षकांनी तिला पार झोडपून काढले. बोजड, दुर्बोध, स्वतःवरच खूष असे हे संगीत आहे, असा त्यांचा आक्षेप होता. आणि तो सर्वस्वी खोटा होता असे नाही. विद्वत्तेचे प्रदर्शन रसाला मारते, हा अनुभव आपल्या मैफलींतही येतोच.

पुन्हा मातीकडे

या मंडळींच्या कारकिर्दीचा सर्वांत विचार करावयास लावणारा भाग यानंतरचा आहे. १९७६-७७ मध्ये इंग्लंडात ‘पंक’ची लाट आली. तीन सूर, दोन मिनिटे आणि उदंड संताप असे तिचे स्वरूप होते. लांबलचक रचना करणाऱ्यांची ती टिंगल करू लागली. अशा वेळी जेथ्रो टलने लाटेच्या मागे धाव घेतली नाही. फेब्रुवारी १९७७ मध्ये ‘साँग्ज फ्रॉम द वूड’, १९७८ मध्ये ‘हेवी हॉर्सेस’ आणि १९७९ मध्ये ‘स्टॉर्मवॉच’ अशा तीन ध्वनिमुद्रिका त्यांनी काढल्या आणि तिन्हींत ते आपल्या खेड्यांकडे, ऋतुचक्राकडे, सणांकडे वळले.

‘हेवी हॉर्सेस’ ही ब्रिटनच्या कष्टकरी देशी घोड्यांना अर्पण केली आहे. नांगर ओढणारे ते दांडगे घोडे ट्रॅक्टर आल्यावर दिसेनासे झाले. शीर्षकगीतात त्यांच्या जातींची नावे आहेत, त्यांच्या पावलांचा जड ठेका आहे आणि शेवटी असा विश्वास आहे की, तेलाच्या विहिरी आटतील तेव्हा माणूस पुन्हा त्यांच्या दारी याचना करीत जाईल. हे वाचताना पोळ्याच्या दिवशीचे आपले गाव आठवत नाही काय? बेगडी लावलेली शिंगे, पाठीवरची झूल, पुरणपोळीचा घास हे सर्व असते. परंतु ज्या गल्लीतून पूर्वी शंभर जोड्या निघत, तेथे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघतात आणि कित्येक घरी मातीच्या बैलांची पूजा करून सण साजरा होतो. पेरणीही ट्रॅक्टरमागच्या लोखंडी यंत्राने होते. तिफणीला आढ्यावरून उतरवावयाचे कारण उरलेले नाही.

दुसरे उदाहरण याहून बोचणारे आहे. १९८७ च्या ‘क्रेस्ट ऑफ अ नेव्ह’ या ध्वनिमुद्रिकेत एका शेतकऱ्याचे गीत आहे. त्याच्या जमिनीवरून मोठा रस्ता गेला. मोबदला मिळाला, दारात गाडी आहे. पण शेतच नाही, तर त्या पैशाचे आणि त्या गाडीचे करावयाचे काय, असा त्याचा प्रश्न आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग जेथे एकमेकांना छेदतात त्या धुळ्यात हे गीत समजावून सांगण्याची गरज पडू नये. रस्ते हवेत, याबद्दल वाद नाही. परंतु रस्त्याखाली गेलेल्या शेताबद्दल आपल्याकडे दावे झाले, मोर्चे निघाले, आकडे छापून आले. गाणे मात्र कोणी लिहिले का? याच ध्वनिमुद्रिकेला फेब्रुवारी १९८९ मध्ये अमेरिकेतील ग्रॅमी पारितोषिक मिळाले, तेही ‘हार्ड रॉक/मेटल’ या गटात. मेटॅलिकाला डावलून बासरीवाल्यांना बक्षीस दिले म्हणून तेव्हा बराच गदारोळ झाला. निवड चमत्कारिक होती खरी.

येथे एक आक्षेप घेता येतो आणि तो घेतलाही पाहिजे. ही ध्वनिमुद्रिका निघाली त्याच १९७८ साली अँडरसनने स्कॉटलंडच्या स्काय बेटावर मोठी जहागीर विकत घेतली आणि पुढे तेथे मत्स्यपालनाचा व्यवसाय उभारला. नांगर धरून ज्याच्या हाताला घट्टे पडले नाहीत, त्याने नांगराच्या घोड्यासाठी अश्रू ढाळावेत, यात भरल्या पोटाचा गावाविषयीचा उमाळा नाही काय? आहे, थोडासा आहे. पंख्याखाली बसून बैलांवर लेख लिहिणाऱ्या प्रस्तुत लेखकालाही हा आक्षेप लागू पडतो. ज्याला तीस एकर पेरावयाचे आहे आणि मजूर मिळत नाही, त्याला ट्रॅक्टर सोडून बैल घे, असे सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. परंतु कलेचे काम जुने परत आणण्याचे नाही. जे जात आहे ते काय होते, याची नोंद आपल्या भाषेत आणि आपल्या सुरात ठेवणे, एवढे तिच्याकडून मागता येते. ते काम अँडरसनने प्रामाणिकपणे केले.

मुंबईतील एक संध्याकाळ

या मंडळींचा आपल्या राज्याशी प्रत्यक्ष संबंधही आला आहे. २००८ च्या हिवाळ्यात ते सतारवादक अनुष्का शंकर यांच्यासह भारतात कार्यक्रम करीत होते. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यामुळे मुंबईचा ठरलेला कार्यक्रम होऊ शकला नाही. ५ डिसेंबर रोजी त्याच शहरात, हल्ल्याची झळ बसलेल्यांच्या मदतीसाठी, सतार आणि बासरी एकत्र वाजली. शहर अजून सावरलेले नसताना परक्या कलावंतांनी तेथे उभे राहावे, हे सौजन्य लक्षात ठेवण्याजोगे आहे.

मंडळींत माणसे येत-जात राहिली. गिटारवादक मार्टिन बारने चार दशकांहून अधिक काळ साथ केली. १९८० नंतर यंत्रांच्या आवाजाचे प्रयोग झाले, ते सर्वच साधले असे नाही. अँडरसनला श्वसनाचा जुनाट विकार असल्याचे त्याने २०२० मध्ये जाहीर केले. तरीही २०२२, २०२३ आणि २०२५ या तीन वर्षांत मिळून तीन नव्या ध्वनिमुद्रिका या मंडळींच्या नावावर निघाल्या. फुंकर हेच ज्याचे भांडवल, त्या माणसाची ही जिद्द आहे.

आपल्या दारातले

आता मूळ प्रश्न. त्यांचे घोडे त्यांनी गायिले, आपले काय?

खानदेशाजवळ संगीताची सामग्री थोडी नाही. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी निंबाच्या झोक्यावर गातात ती गाणी आहेत. श्रावणातील कानबाईची, भादव्यातील भुलाबाईची गाणी आहेत. डफ-ढोलकीच्या साथीने रात्र जागविणारे वहीगायन आहे. साक्रीकडील डोंगरपट्ट्यात डोंगऱ्या देवाच्या उत्सवात घुमणारी, भोपळ्याची पावरी आहे. तिचा धापा टाकणारा नाद अँडरसनच्या बासरीहून कमी रानवट नाही. आणि आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी तर सर्वांच्या मुकुटमणी. अक्षरओळख नसलेल्या या माउलीने जात्यावर आणि शेतात रचलेली गीते तिच्या घरच्या लेकरांनी वहीत उतरवून घेतली; १९५१ साली ती निवर्तल्यावर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखविली आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. ती वही नसती तर? त्या काळी खानदेशात जात्यावर बसणाऱ्या बायका हजारो होत्या. सर्वांच्या घरी वही नव्हती.

इंग्लंडात काय घडले ते क्रमाने पाहिले म्हणजे आपली उणीव कळते. विसाव्या शतकाच्या आरंभी सेसिल शार्पसारखे लोक खेडोपाडी हिंडून म्हाताऱ्यांकडून गाणी उतरवून घेत होते. पुढच्या पिढीतील रचनाकारांनी ती अभ्यासली. त्यानंतरच्या पिढीने ती पुन्हा गायिली आणि त्या मशागतीच्या जमिनीत जेथ्रो टलसारख्यांचे पीक आले. लक्षात घ्यावयाची गोष्ट ही की, त्यांनी जुनी गाणी जशीच्या तशी म्हटली नाहीत. जुन्या गाण्यांची चाल, त्यांची दृष्टी आणि त्यांचे शब्दभांडार अंगी मुरवून त्यांनी नवी गाणी रचली. आपल्याकडे ‘लोककला जतन करा’ असा घोष होतो. त्याचा अर्थ बहुधा वर्षातून एकदा नऊवारी नेसवून व्यासपीठावर नाच बसविणे, एवढाच होतो. उरलेले वर्ष वरातीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंती घराच्या तावदानांना थरथरवीत असतात. अहिराणी गीतांना आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावर अमाप श्रोते मिळतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्यांतील पुष्कळांचा ठेका बाहेरून आणलेला असतो, आपली असते ती फक्त बोली.

जुने बी शिंक्यात टांगून ठेवले, तर त्याला भुंगा लागतो. ते पेरावे लागते. यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. शिक्षकांनी एका उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना एवढाच गृहपाठ द्यावा की, आजीची दोन गाणी चालीसह टिपून आणा. कचेरीत नोकरी करणाऱ्यांच्या खिशात आज ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे. गावी गेल्यावर त्यांनी आपल्या आत्या-मावशांपुढे ते तासभर धरावे. बहिणाबाईंचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाने हा संग्रह नीट सांभाळावा. आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी स्नेहसंमेलनात सिनेमातील गीतावर ओठ हलविण्याऐवजी पावरी, ढोलकी आणि हवी असेल तर गिटारही घेऊन, महामार्गाखाली गेलेल्या शेताचे किंवा रिकाम्या गोठ्याचे एक गाणे अहिराणीत रचावे. पहिले फसेल, दुसरेही फसेल. जेथ्रो टलच्या मंडळींनाही आरंभी कोणी दुसऱ्यांदा बोलावीत नव्हते.

मात्र हे लवकर व्हावयास हवे. झोक्यावरची सगळी गाणी ज्यांना तोंडपाठ आहेत, त्या बायका आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. तिफण आढ्यावर टांगून ठेवली तरी वर्षानुवर्षे राहते. गाणे गाणाऱ्याबरोबर जाते.